हिवाळ्यात स्पोर्ट्स कार हीच घरची रोजची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात गाडी एकच. दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, मागे दोन छोट्या सीट असलेली कूपे. मुलांची शाळा, नोकरी, सामानसुमान, रात्री-अपरात्रीचा दवाखाना, सगळं तिच्यावरच चालतं आणि बर्फ पडला म्हणून यातलं काही थांबत नाही. पाच हिवाळे झाले. ओळखीचे लोक, आणि अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेले अनोळखी लोकही, फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

मुळात हे जमतं का? की हौसेपायी घरच्यांचे हाल?

जमतं. स्पोर्ट्स कार बर्फात निकामी ही समजूत फार जुनी, पण इतिहास वेगळं सांगतो. मॉन्टे कार्लो रॅली भर हिवाळ्यात, आल्प्सच्या बर्फाळ घाटांतून होते. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षं ती पोर्शे ९११ ने जिंकली. इंजिन मागे आणि जोरही फक्त मागच्या चाकांना. चालवणारे अर्थातच पट्टीचे होते आणि टायर खिळ्यांचे होते. पण त्यातला टायरचा भाग आपल्यालाही करता येतो.

जमण्याच्या अटी दोन. टायर ऋतूप्रमाणे बदलायचे, आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस मागे सुरक्षित बसतं का हे गाडी घेण्याआधी बघायचं. दोन सीटच्या गाडीत दोन मुलं बसवता येत नाहीत, तिथे विषय संपला. मागच्या सीट नुसत्या नावाला असतील तरी तेच.

टायर बदलावेच लागतात का? आमच्याकडे बर्फ क्वचितच पडतो.

हा प्रश्न बर्फाचा नाही, तापमानाचा आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

स्पोर्ट्स कारला कंपनीतून येणारे टायर बहुतेक वेळा उन्हाळी असतात. त्यांचं रबर गरम रस्त्यावर चिकटून राहावं असं बनवलेलं असतं. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की ते कडक होऊ लागतं आणि पकड कमी होते. रस्ता कोरडा असला तरी होते. ट्रॅकसाठीच्या टायरांचं तर उणे ७ च्या खाली रबर इतकं ताठरतं की गाडी हलवली तरी त्याला भेगा पडू शकतात.

पहिल्या वर्षी मीही म्हणत होतो, बर्फ पडेल तेव्हा बघू. एका सकाळी ३ अंश होते. रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, मागे मुलगी. चौकाजवळ नेहमीसारखा ब्रेक दाबला आणि पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, खडखड सुरू झाली. गाडी थांबली, पण थांबायच्या रेषेच्या एक गाडीभर पुढे. समोरून कोणी येत नव्हतं एवढंच. त्याच आठवड्यात टायर बदलले.

हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का ते पाहा. ते चिन्ह बर्फावरच्या चाचणीत उतरल्यावरच मिळतं. नुसतं ‘एम अधिक एस’ लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका, कारण त्यासाठी चाचणी लागत नाही. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फासाठी तो टायर संपला असं मी धरतो, कायद्याची मर्यादा काहीही असो.

पैसे वाचवायला फक्त मागचे दोन बदलले तर?

नका करू. मागची चाकं जोर लावतात म्हणून गाडी पुढे जाईल, पण वळायचं आणि थांबायचं काम मुख्यतः पुढची चाकं करतात, आणि ती तशीच घसरत राहतील. पुढे दोन हिवाळी आणि मागे दोन उन्हाळी हे तर त्याहून धोक्याचं. वळणावर पुढचं टोक धरून राहतं आणि मागचं सुटतं, म्हणजे गाडी गरकन फिरते. चारही बदला, चारही एकाच जातीचे.

साइज कोणता घ्यावा?

ब्रेकवर बसेल असं लहानात लहान रिम आणि कंपनीने मान्य केलेल्यांपैकी अरुंद टायर. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतो, अरुंद टायर तो कापत खाली जातो. रिम एक इंचाने लहान घेतलं की टायरची बाजू उंच होते आणि बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचतं. दुसरा रिमचा संच महाग वाटतो, पण दर हंगामात त्याच रिमवरून टायर काढून-घालून त्यांच्या कडा खराब करण्यापेक्षा परवडतो. साखळ्या लागणार असतील तर त्या टायरवर त्या चालतात का हे गाडीच्या पुस्तिकेत आधी वाचा. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये चाक आणि फेंडर यांच्यात तेवढी जागाच नसते.

हवा दर पंधरा दिवसांनी तपासा. २० अंशांना ३६ पीएसआय भरलेली हवा उणे १० ला ३१ च्या आसपास येते. टायर पंक्चर नसतो, हवा आकुंचन पावलेली असते. मोजायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी थंड असताना.

त्यापेक्षा फोर व्हील ड्राइव्हच घेतलेली बरी ना?

चढावर, गोठलेल्या सिग्नलवरून निघताना, न झाडलेल्या गल्लीतून बाहेर पडताना फरक जमीन-अस्मानाचा पडतो. ऑडीने १९८० मध्ये क्वात्रो ही गाडी आणली तेव्हापासून वेगवान गाडीला चारही चाकांचा जोर ही गोष्ट रुळली. आता तर चार सीटच्या स्पोर्ट्स कारमध्येही तो मिळतो. २०११ ची फेरारी एफएफ याचं टोकाचं उदाहरण: बारा सिलिंडर, चार माणसं, ४५० लिटरची डिकी आणि चारही चाकांना जोर.

पण चार चाकांचा जोर गाडीला निघायला मदत करतो, थांबायला नाही. ब्रेक मारल्यावर सगळ्याच गाड्या चार चाकांवर थांबतात. उन्हाळी टायरवरची फोर व्हील ड्राइव्ह फार लबाड असते. इतकी झकास निघते की रस्ता निसरडा आहे हेच चालवणाऱ्याला कळत नाही, आणि कळतं ते पहिल्या वळणावर. मला उन्हाळी टायरची फोर व्हील ड्राइव्ह आणि हिवाळी टायरची मागच्या चाकांची गाडी यांत निवड करायला सांगितली, तर मुलांना मी दुसरीत बसवेन.

मुलं मागे बसतात कशी?

हे टेपने मोजून ठरवायचं काम आहे, शोरूमच्या उजेडात बघून नाही. स्वतःची चाइल्ड सीट आणि प्रॅम घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या मागे आहेत का आणि हात तिथे पोचतो का हे पाहा. मागे तोंड करून बसायची सीट लावली की पुढची सीट किती पुढे येते ते पाहा, आणि तसंच तिथे बसूनही बघा. आमच्या गाडीत धाकटा मागे तोंड करून बसायचा तेव्हा पुढच्या सीटवर उंच माणूस बसूच शकत नव्हता. जवळजवळ दोन वर्षं माझी बायको गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसली. गाडी घेताना तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं.

युरोपच्या आर१२९ नियमाप्रमाणे बाळाला किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड करून बसवायचं असतं. त्याहून जास्त दिवस बसवलं तर उत्तमच. अशी सीट पुढे लावायची वेळ आली तर त्या बाजूची एअरबॅग बंदच हवी. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ. रेसिंगच्या बकेट सीटवर चाइल्ड सीट नीट टेकत नाही, म्हणून अशा सीट असलेली गाडी घेताना पुस्तिकेतलं ते पान आधी वाचा.

आणि कंबर. दोन दारांच्या गाडीत मूल आत ठेवताना वाकून, अर्धं वळून, वजन पुढे धरून ठेवावं लागतं. दिवसातून चार वेळा, पायाखाली बर्फ. ज्यांची पाठ दुखते त्यांनी चार दारांची वेगवान सेडान बघावी. त्यात कमीपणा काही नाही.

जाड जॅकेट घालूनच बसवायचं ना? गाडी थंडगार असते.

नाही. हा मुद्दा स्पोर्ट्स कारपुरता नाही, पण लहान गाडीत मूल घाईघाईत कोंबलं जातं म्हणून जास्त लागू पडतो.

घरी करून बघा. मुलाला जाड जॅकेटसह बसवा आणि पट्टे नेहमीसारखे ओढा. मग पट्ट्यांना हात न लावता मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि परत तेच पट्टे लावा. आमच्या मुलीच्या खांद्यावर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये माझी चार बोटं आडवी गेली. धडकेत कापूस दबतो आणि तेवढी ढील मुलाच्या वाट्याला येते. पातळ लोकरी कपड्यांवर पट्टे आवळा आणि जॅकेट उलटं करून वरून पांघरा. केबिन लहान असते, त्यामुळे इंजिन तापलं की ती गरमही लवकर होते.

सकाळी दार उघडतं, पण लागत नाही. का?

बिनचौकटीच्या काचांमुळे. कूपेचं हँडल ओढलं की काच आधी एखाद-दीड सेंटिमीटर खाली सरकते, वरच्या रबरातून सुटते आणि मग दार उघडतं. लावल्यावर ती परत वर जाते. रात्री रबरावर पाणी गोठलं की काच तिथेच चिकटते. हँडल ओढल्यावर आतल्या मोटरचा ‘टक’ असा आवाज येतो आणि काच जागची हलत नाही. अशा वेळी जोर लावलात तर रबर फाटतं किंवा काच उचलणारी यंत्रणा मोडते. आणि दार कसंबसं उघडलंच, तर लावताना काच रबरावर आपटते आणि दार बसत नाही.

उपाय साधा आहे. थंडी सुरू होण्याआधी सगळी रबरं पुसून कोरडी करायची आणि त्यांवर सिलिकॉनचं ग्रीस बोटाने चोळायचं. दर महिन्याला पुन्हा. काच चिकटलीच तर तळहाताने काचेच्या कडेवर आतल्या दिशेला हलके दाबत जायचं, बर्फ कुरकुरत सुटतो. दुसरं दार बहुधा उघडतं, तिथून शिरून हीटर लावता येतो. गरम पाणी मात्र ओतू नका. काच तडकू शकते आणि तेच पाणी खाली जाऊन पुन्हा गोठतं.

थंड इंजिन तापेपर्यंत उभं ठेवून चालू ठेवावं का?

काचा पूर्ण साफ होईपर्यंत, तेवढंच. मग निघावं आणि हळू चालवावं. उभ्या गाडीत तेल फार सावकाश तापतं.

लक्षात ठेवायचं हे की काट्यावर दिसतं ते कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान, आणि कुलंट आधी तापतं. तेलाला साधारण दुप्पट वेळ लागतो. तेलाचा काटा वेगळा असेल तर तो ८० च्या पुढे जाईपर्यंत इंजिन रेझ करायचं नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये यासाठी छान सोय होती. आरपीएमच्या तबकडीवर दिवे पेटलेले असायचे आणि तेल तापेल तसे एकेक करून विझायचे, म्हणजे कुठपर्यंत जायची परवानगी आहे ते डोळ्यांना दिसायचं.

शाळा दोन किलोमीटरवर असेल तर तेल कधीच पुरतं तापत नाही. त्यात पाणी आणि पेट्रोलचा अंश साठत जातो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि तेल सांगितलेल्या मुदतीच्या आधीच बदला. ग्रेड, म्हणजे डब्यावर लिहिलेला तेलाच्या जाडीचा आकडा, कंपनी सांगेल तीच. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा असतो. शून्य डब्ल्यू तेल उणे ४० पर्यंत पंपाला ओढता येतं, पाच डब्ल्यू उणे ३५ पर्यंत.

बॅटरी?

उणे १८ ला शिशाच्या बॅटरीची ताकद साधारण निम्मी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. जवळच्या फेऱ्यांमध्ये ती नीट चार्जही होत नाही. रात्री चार्जर लावायची सोय असेल तर लावा. चार-पाच वर्षांची बॅटरी हिवाळ्याच्या तोंडावर तपासून घ्या, कारण मुलं आत बसल्यावर गाडी सुरू न होणं यासारखी पंचाईत नाही. काही गाड्यांमध्ये वजन वाचवायला लिथियमची बॅटरी असते, तिला थंडी आणखी सोसत नाही.

चालवताना नेमकं काय बदलायचं?

सगळं सावकाश करायचं आणि एका वेळी एकच करायचं. ब्रेक, मग वळण, मग अॅक्सिलरेटर. टायरकडे पकड मोजकीच असते. ती ब्रेकसाठी खर्च केली की वळायला उरत नाही.

मागच्या चाकांच्या गाडीत बहुतेक लोक अॅक्सिलरेटरला घाबरतात, गिअर उतरवण्याला घाबरत नाहीत. निसरड्या उतारावर दोन गिअर खाली टाकून क्लच झटकन सोडला तर इंजिन मागच्या चाकांना अडवतं आणि शेपूट सुटते, ब्रेकला पाय न लावता. क्लच हळू सोडा. ऑटोमॅटिक असेल तर ते ओलं-बर्फाचं मोडवर ठेवा, त्याने पिकअप मंदावतो आणि गिअर लवकर वर जातो. ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला आहे हे गाडी ओळखते आणि वेट मोड लावायला सुचवते. तरी पाय आपलाच असतो.

वेगाचं गणित वर्गाने वाढतं. ५० ऐवजी ७० ने जाताना ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळपास दुप्पट होतं, आणि ते चांगल्या रस्त्यावर. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवताना हा आकडा आठवा.

स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, रस्त्यावर बंद करायचं नाही. अपवाद एकच, गाडी बर्फात रुतली तर. तेव्हा चाकं फिरायला लागताच यंत्रणा इंजिनाचा जोर तोडते आणि गाडी बाहेरच निघत नाही. हे ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरतं बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये पुढे-मागे झोके देत बाहेर काढा आणि लगेच चालू करा. डबल क्लचच्या (दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक) गाडीत हे दोन-तीन झोक्यांपलीकडे नको, क्लच तापतो. त्यापेक्षा फावडं काढा.

गाडी एवढी खाली. बर्फात अडकणार नाही का?

जमिनीपासून १०-१३ सेंटिमीटर उंची म्हणजे तेवढाच बर्फ. त्याहून खोल झाला की गाडी पोटावर बसते आणि चाकं नुसती हवेत फिरतात. टायर कितीही चांगला असला तरी इथे काही करू शकत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा रस्ता झाडणाऱ्या गाडीने कडेला रचलेला घट्ट ढीग जास्त वाईट, त्यावर पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कडा, तुटतो. पुढचा भाग उचलायची सोय असेल तर घेताना पैसे मोजा. २०२२ मध्ये आलेली पोर्शे ९११ डकार स्पोर्ट्स सस्पेंशनच्या ९११ कॅरेरापेक्षा ५० मिलिमीटर उंच आहे, म्हणजे ही अडचण बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

मुलांसह रस्त्यात अडकलो तर?

हे उत्तर घरातल्या दुसऱ्या चालकालाही वाचायला द्या.

स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर जमिनीलगत असतो. गाडी बर्फाच्या ढिगात शिरली किंवा भोवती बर्फ साचला तर तो आधी बुजतो, आणि इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. मूल गुंगीत गेलं तर झोपलं असंच वाटतं. म्हणून हीटरसाठी इंजिन सुरू करण्याआधी उतरून नळकांड्याभोवतीचा बर्फ हाताने, फावड्याने, मिळेल त्याने साफ करायचा. मग दहा मिनिटं चालू, बाकी वेळ बंद, खिडकी थोडी उघडी. पुन्हा सुरू करण्याआधी पुन्हा उतरून बघायचं.

डिकीत काय असावं: घडीचं फावडं, दोन ब्लँकेट, वाळूची पिशवी, टॉर्च, हातमोजे, पाणी आणि मुलांना खायला काही. ओढून नेण्यासाठीची स्क्रूची कडी टूलकिटमध्ये आहे का हे आजच बघून ठेवा, आणि ती बंपरच्या कोणत्या झाकणामागे बसते तेही. अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर बुजवायचं द्रावण असतं. कडाक्याच्या थंडीत ते घट्ट होतं, म्हणून वापरण्याआधी बाटली केबिनमध्ये गरम करून घ्या.

मीठ आणि गंज?

ॲल्युमिनियमचं अंग पाहून गाफील राहू नका. खालचे बोल्ट, सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या लोखंडाच्याच असतात. साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं चालत नाही, म्हणून तिथे कॅल्शियम क्लोराइड वापरतात, आणि ते ओल धरून ठेवतं. पारा शून्याच्या वर गेला की पोट आणि चाकांच्या कमानी आतून धुऊन घ्या. धुतल्यावर थोडी चालवून ब्रेक वाळवा आणि त्या रात्री शक्य असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, सपाट जागी उभी करा. नाहीतर पॅड डिस्कला गोठून चिकटतात.

कार्बन सिरॅमिक ब्रेक हिवाळ्यात चालतात का?

गंजत नाहीत हा मोठा फायदा. पण थंड आणि ओले असताना पहिला ब्रेक जरा उशिरा धरतो. निघाल्यावर मागे कोणी नसताना एक-दोनदा हलके दाबून घ्या. ही सवय लोखंडी डिस्कलाही लागू आहे, मिठाचा थर निघून जातो.

छत उघडणारी गाडी असेल तर?

शून्याखाली कापडी छत हलवू नका. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर ती तडकते.

कोणत्या दिवशी गाडी काढायचीच नाही?

बर्फ पुढच्या ओठाच्या वर असेल तर. गारठलेला पाऊस पडून रस्त्यावर काचेसारखा थर बसला असेल तर, कारण त्यावर खिळे नसलेला कुठलाच टायर भरवशाचा नाही. टायर अजून उन्हाळी असतील आणि पहाटे पारा शून्याला आला असेल तर. आणि माझी झोप नीट झालेली नसेल तर. अशा दिवशी आम्ही शाळेला फोन करतो, बस चालू असेल तर बसने जातो, नाहीतर घरी राहतो. पाच वर्षांत असे अकरा दिवस आले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी त्या तारखांना निळ्या पेनाने हिमकण काढते.